तलावावरची साय

मोरझरीच्या तलावात वर्षाचं पहिलं मोठं जाळं पडायचं ते अक्षय्यतृतीयेला, आणि त्या जाळ्यातला पहिला वाटा लेकींचा. लग्न होऊन जी जी पोर गावाबाहेर गेली, तिच्या दारात त्या दिवशी मोरझरीची मासोळी पोचायची. कुणाचा भाऊ मोटारसायकलला पिशवी अडकवून निघायचा, कुणाचा बाप बसमध्ये पायांशी डबा धरून बसायचा. शेजारच्या प्रवाशानं नाकाला रुमाल लावला तर म्हणायचा, "लेकीचा वाटा हाये बापा, जरा सोसा." वाटा आला म्हणजे माहेर जितं आहे. नाही आला तर सासरचे काही बोलत नसत, पण त्या दिवशी त्या पोरीला कुणी कामही सांगत नसे. दुखवट्याच्या घरातल्या बाईला सांगत नाहीत, तसंच.

श्रावण मारबते त्या मासेमार ढिवरांच्या गावातला आणि मोनाली त्याची एकुलती एक. तिला शाळेतल्या अक्षरांच्या आधी पाण्याची ओळख झाली. तलावाच्या मध्यावर डोंगा थांबवून बा ओंजळीत पाणी घ्यायचा, तिच्या डोळ्यांसमोर धरायचा आणि हलकीच फुंकर मारायचा.

"पाय वो मोना. हे लहर वाऱ्याची. एका अंगानं पळते. आन मासोरी खालून वर आली का लहर गोल होते. आता तिकडं पाय, त्या कमळाच्या अंगाला. कोन हाये?"

"वारा."

"हट्! तुही माय हाये तिकडं, कपडे धुऊन रायली."

मग दोघं हसायची. काठावर बसून फाटकं जाळं सांधणारी सयत्रा, तिची माय, त्यांचं हसणं ऐकून स्वतःशीच गुणगुणायची. ती ओवी तिच्या आईची की तिची स्वतःची, हे तिलाही सांगता आलं नसतं.

*वाऱ्यानं ओढली*
*पाण्यावर रेघ*
*बाप म्हणे बघ*
*मासोरी गं*

पोर शिकली. रसायनशास्त्र शिकली आणि जिल्ह्याच्या गावी तेलांवर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात लागली. मोहाच्या बियांचं तेल काढायचं, त्या तेलातल्या आम्लांपासून अल्कोहोल बनवायचं, हे तिचं काम. मोरझरीत ही बातमी गेली तेव्हा पारावर लगेच निकाल लागला. "श्रावणाची पोरगी इतकी शिकली, इतकी शिकली, आन शेवटी मोहाची दारूच गाळून रायली!" तिनं पुढच्या खेपेला मेणासारखे पांढरे, मऊ पापुद्रे आणून दाखवले. हे अल्कोहोल पिता येत नाही, साबणात आणि मलमात घालतात, असं समजावून सांगितलं. ऐकून घेतल्यावर एक म्हातारा उठताना म्हणाला, "म्हंजे मोहही गेला आन दारूही गेली."

पण त्या पापुद्र्यांमागे तिच्या तारुण्याची कितीतरी वर्षं होती. तेलातलं आम्ल म्हणजे कार्बनची एक लांब शेपटी आणि तिच्या टोकाला ऑक्सिजनच्या दोन अणूंचं डोकं. त्यातला एक ऑक्सिजन काढून घ्यायचा आणि तिथे हायड्रोजन बसवायचा, की झालं अल्कोहोल. सांगायला सोपं. पण हे डोकं भारी हट्टी. पूर्वीचे कारखाने त्याला जाड पोलादी टाक्यांत कोंडायचे, भट्टीसारखं तापवायचे, शेकडो पट दाबाखाली हायड्रोजन घालायचे, तेव्हा कुठे ते वळायचं. एवढा खटाटोप केल्यावर माल महाग व्हायचाच.

मोनालीनं दोन धातू घेतले. निकेल आणि कथील. हायड्रोजनचे जोडलेले अणू फोडून वाटण्यात निकेलचा हात धरणारं कुणी नाही. पण एकटं निकेल कामाला लागलं की थांबत नाही, ते आम्लाचं डोकंच तोडून टाकतं आणि हातात नुसता वायू आणि निकामी मेण उरतं. कथील थंड प्रकृतीचं. ते ऑक्सिजनला धरून ठेवतं, पण पुढे करायचं काय हे त्याला सुचत नाही. या दोघांना तिनं एकाच कणात, अणूला अणू लावून बसवलं. लहानपणी माय आणि आत्या लाखोरीची डाळ भरडायला जात्याच्या दोन बाजूंना बसायच्या आणि एकाच खुंट्याला हात घालायच्या. एकीनं ओढायचं, दुसरीनं आवरायचं. एकटी माय बसली की डाळीचा भुगा व्हायचा, एकटी आत्या बसली की दाणे अख्खेच बाहेर यायचे. तसंच हे. कथलानं ऑक्सिजन धरला, निकेलनं हायड्रोजन दिला आणि कथलानंच त्याला वेळेवर आवरलं. साध्या टाकीत, थोड्या दाबाखाली, आम्लाचं अल्कोहोल होऊन थांबलं. धातूची भुकटी जशीच्या तशी गाळून पुन्हा वापरायला मोकळी.

माल इतका स्वस्त झाला की साबणवाल्यांना पुरून उरला. आणि मग पाणीपुरवठ्याचे अभियंता दिघोरे तिच्या दारात येऊन उभे राहिले.

ते दिवस वाईट होते. पावसानं सलग दगा दिलेला, आणि पारा पन्नाशीला टेकणं ही काही बातमी उरली नव्हती. तलावांत होतं नव्हतं ते पाणी नळाला यायच्या आत ऊन पिऊन टाकत होतं. दिघोऱ्यांनी जुन्या पुस्तकांत वाचलं होतं, आणि मोनालीलाही ठाऊक होतं, की या अल्कोहोलचे रेणू पाण्यावर पसरले की एक नवल घडतं. त्यांच्या डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला आवडत नाही. म्हणून घाटावर पाण्यात पावलं बुडवून बाया खांद्याला खांदा लावून उभ्या राहाव्यात, तसे ते तलावभर एकाच ओळीत उभे राहतात. एका रेणूएवढी जाडी. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. पण वाफेला बाहेर पडायला फट सापडत नाही. मूठभर भुकटी शेतभर पाण्याला पुरते. वारा ही ओळ फाडतो, डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव ती खातात, म्हणून रोज नवी टाकावी लागते. आजवर ते कुणाला परवडलं नव्हतं. आता परवडत होतं.

"मॅडम, तुमच्या नवऱ्यासाठी तरी करा," दिघोरे म्हणाले. त्यांचा स्वभाव असं बोलण्याचा नव्हता. घाईच तशी होती.

मोनालीचा नवरा तुषार शाळामास्तर होता. लग्नानंतर थोड्याच काळात त्याची मूत्रपिंडं बसली होती, आणि तेव्हापासून तो दिवसाआड सरकारी दवाखान्यातल्या डायलिसिसच्या खुर्चीवर बसत होता. रक्त धुवायला पाणी लागतं, घागरी भरभरून, आणि तेही चांगलं. त्या उन्हाळ्यात पाण्याअभावी तो वॉर्ड मध्येच बंद पडला होता. उघडेपर्यंत तुषारच्या पायांवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो बराच वेळ भरून यायचा नाही. त्याच्या शेजारच्या खुर्चीवरच्या शिंपीकाकांची खुर्ची नंतर दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

जिल्ह्याच्या शहराचं पाणी यायचं मोरझरीच्या तलावातून. तिथे भुकटी टाकायची तर मासेमारांच्या संस्थेची परवानगी हवी. लोक कुरकुरत होते. पाण्यावर काही टाकायचं म्हणजे काय, उद्या मासोळीला वास लागला तर? तेव्हा श्रावण उभा राहिला. चारचौघांत बोलायची त्याला सवय नव्हती. डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा काढून त्यानं हातात घेतला.

"माह्या पोरीच्या हातची हाये. पोरीनं वाढलेलं आपुन कंदी चाखून पायतो का? खातो ना मुकाट्यानं? आन पानी जेठापर्यंत टिकलं त मासोरीलेच जागा होईल. दूध वाचवाले साय लागतेच का नाई?"

त्या दिवसापासून त्या भुकटीचं नाव साय पडलं. गावानं हात वर केले. ते त्यांनी सायीसाठी केले नव्हते, श्रावणाच्या पोरीसाठी केले होते.

पहिल्या सकाळी उन्हावर चालणाऱ्या छोट्या बिनमाणसाच्या नावा तलावभर फिरल्या, पांढरी भुकटी शिंपडत. वारा चांगला सुटला होता. त्या वाऱ्यातच, काठापासून सुरुवात होऊन, तलावाच्या लहरी विझत गेल्या. पडद्यामागून पडदा ओढावा तशा. झाडं हलत होती, बायांचे पदर उडत होते, आणि पाणी मात्र आरशासारखं सपाट. टाळ्या वाजल्या. श्रावण डोंग्यातून वाकला, त्यानं ओंजळ भरली आणि फुंकर मारली. पाणी हललं नाही. त्यानं पुन्हा मारली, जोरात. मग मान वर करून मोनालीकडे बघून हसला.

"निजला वो तलाव. दमला व्हता बिचारा. निजू दे."

तो उन्हाळा शहरानं पहिल्यांदा टँकरशिवाय काढला. दवाखान्याचा वॉर्ड एक दिवस बंद राहिला नाही. तुषारच्या पायांवरची सूज ओसरली, त्याची थट्टा परत आली. "मामाजी, मला दिवसाला अर्धा लिटर प्यायची परवानगी, आणि माझं रक्त तुमचा अख्खा तलाव पितं," तो श्रावणाला फोनवर म्हणायचा. श्रावण तिकडून जावईबापूला सांगायचा, "प्या जी, प्या! तलाव काय माह्या बापाचा हाये? तुमच्या बायकोचा हाये." मोरझरीत जावई एका घरचा असला तरी पाहुणा साऱ्या आळीचा. तुषार गेला की कुणी ना कुणी त्याचं मनगट हातात घेऊन सुईच्या गाठी चाचपून बघायचं आणि चुकचुकायचं.

दुसऱ्या वर्षीही साय पडली. जाळ्यात मासे कमी आले. श्रावण म्हणाला, पाणी लगित आहे ना, एवढ्या भरपूर पाण्यात मासोळी पांगली.

तिसऱ्या वर्षी होळीनंतर मोनाली माहेरी गेली, आणि सकाळी काठावर बसली असताना तिला एक बारीकशी गोष्ट दिसली. पाण्यावरून चालणारी निवळी, तो लांब पायांचा काळा किडा, काठच्या गवतावरून पाण्यावर उतरली आणि बुडाली. नुसती बुडाली. पाण्याला जो ताण असतो, ज्याच्या बळावर निवळी पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर चालत आली, तो सायीनं सैल केला होता. मोनालीनं उठून काठाकाठानं बघितलं. एकही निवळी नव्हती. निवळी टिपणारे पक्षी नव्हते. बेडकांचा आवाज नव्हता. आणि पाण्यात हात घातला तर ते कोमट होतं, रात्रभर चुलीच्या वैलावर ठेवल्यासारखं.

ती शहरात जाऊन मोजायचं यंत्र घेऊन आली. बा डोंगा वल्हवत होता, ती दोरी सोडून खोलावरचा प्राणवायू मोजत होती. जे आकडे आले ते तिनं दोनदा पडताळले. मग वही मिटून ठेवली.

"का झालं वो?"

"बा, वाफ होते तेव्हा पाणी गार होतं. माठासारखं. आपण वाफ अडवली, म्हणून तलाव तापला. तापल्या पाण्यात हवा कमी विरघळते. आणि लहर उठत नाही, त्यामुळे वरची हवा खाली जात नाही. शिवाय ही साय खाणारे बारीक जीव वाढलेत, तेही हवाच खातात. खाली काही उरलं नाही, बा. तळाशी मासा जगू शकत नाही."

श्रावणानं वल्हं पाण्यातून काढलं. त्यावरून थेंब पडले. थेंबांची वर्तुळं उमटली न उमटली तोच मिटली.

"फवारे लाव ना. शहरात बागेत रायते तसे."

"फवाऱ्यानं साय फाटते. मग साय टाकून उपयोग नाही."

"मंग थांबव."

"थांबवलं तर आठ-दहा दिवसांत तलाव पहिल्यासारखा व्हायला लागेल. पण उन्हाळा आहे. पावसाच्या आधी पाणी शहराला जाणाऱ्या नळाच्या तोंडाखाली जाईल."

डोंगा आपोआप थोडा फिरला. मग त्यानं वेगळंच विचारलं. "जावईबापूची सुई आता कवा हाये?"

"परवा."

"हं," तो म्हणाला आणि वल्हं पुन्हा पाण्यात घातलं. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "तू यंत्र टाकलं ते उथळ जागा व्हती. मासोऱ्या तिकडं जुन्या डोहात हायेत. मी पायलो ना. लगित हायेत."

तिला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटला. इतका, की तिनं डोहाकडे डोंगा न्यायला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती दिघोऱ्यांच्या कार्यालयात गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या टेबलावर पाण्याचा पेला होता आणि ते बोलताना तो सारखा इकडून तिकडे सरकवत होते.

"मॅडम, ही भुकटी तुमची. तुम्ही म्हणालात की थांबवा, तर मी आज थांबवतो. वर काय सांगायचं ते सांगेन. पण मग जेठात मला पाणी कुठून आणायचं तेही सांगा. शाळा बंद करीन, बाजार बंद करीन. दवाखान्याचं काय करू?"

तिची नजर त्या सरकणाऱ्या पेल्यावर होती.

"तुमचे वडील काय म्हणतात? मासे आहेत की नाहीत?"

"आहेत म्हणतात."

"मग असं करू. अक्षय्यतृतीयेला गाव पहिलं जाळं टाकतं ना? मासे निघाले तर पाऊस पडेपर्यंत चालू ठेवू, नाही निघाले तर त्याच संध्याकाळी नावा बंद. तुम्ही फोनवर नुसतं सांगा. तुमचा शब्द मला पुरे."

बाहेर आल्यावर मोनालीनं माहेरी फोन लावून बाला हे सगळं सांगितलं. नंतर कितीतरी वेळा तिला वाटलं, की सांगायला नको होतं. पण त्या घटकेला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि लहानपणापासून काही झालं की सांगायचं ते बालाच. पलीकडे सयत्राचं गुणगुणणं चाललं होतं. मग बा म्हणाला, "बरं. जाळं टाकतो मंग."

अक्षय्यतृतीयेला तुषारची पाळी नव्हती. घरात पुरण शिजत होतं, पण मोनालीचं लक्ष दाराकडे होतं. जाळं रिकामं आलं असेल तर बा येणार नाही. न येण्याची ती मनात तयारी करत होती. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच कळत नव्हतं की आपण त्याची वाट पाहतोय की तो येऊ नये म्हणून देवाला विनवतोय.

दुपार कलली तसा श्रावण आला. अंगात धुतलेला सदरा, हातात जड पिशवी.

"घे वो! वाटा घे तुहा! दरवाजात काहून उभी? जावईबापू, पाहा, रोहू पाहा, तुमच्या हाताएवढा!"

तुषार उठून आला, त्यानं पिशवीत डोकावून शीळ घातली. "मामाजी, हा तर माझ्यापेक्षा धडधाकट दिसतो."

"तुमीबी दिसान. रोहूचं डोकं तुमचं बरं का. डॉक्टर नाई म्हनला त वास घ्या नुसता." श्रावण मोठ्यानं हसला. तो कधी एवढ्या मोठ्यानं हसत नसे. "यंदा साऱ्या लेकीईले वाटा गेला. एकबी घर सुटलं नाई. पार नागपूरच्या पोरीईलेबी गेला."

मोनालीला रडू आलं आणि तिनं ते हसण्यात लपवलं. म्हणजे चूक झाली होती. यंत्र खरंच उथळात पडलं होतं. डोहात मासे होते. तिनं मासा मोरीत नेला, विळा पुढे ओढला आणि बसली. खवले उडाले. तिनं कल्ल्याखाली बोट घालून तो उचकटला, आणि बोटाला काहीतरी टोचलं.

बर्फ होता. नखाएवढा, पातळ, काचेसारखा तुकडा. कल्ल्याच्या घडीत अडकून राहिलेला.

ती त्याच्याकडे बघत बसली. तिच्या बोटाच्या उबेनं तो विरघळला आणि थेंब होऊन ओघळला. मग तिनं मासा नाकाशी नेला. मोरझरीच्या माशाला तळाच्या काळ्या चिखलाचा आणि कमळाच्या देठाचा एक ओशट वास असायचा. सासरी पहिल्या वर्षी त्या वासानं ती रडली होती. या माशाला कसलाच वास नव्हता. दुरून, ट्रकमध्ये, बर्फाच्या थराखाली आलेल्या माशाला जेवढा असतो तेवढाच.

साऱ्या लेकींना वाटा गेला. एकही घर सुटलं नाही. म्हणजे पहाटे शहरातल्या घाऊक बाजारात, बर्फाच्या पेट्यांपुढे, मोरझरीचे सगळे बाप उभे होते. जन्मात ज्यांनी मासा विकत घेतला नाही ते. कुणी कुणाकडे बघितलं नसेल. आधी पारावर बसून ठरवलं असेल, आणि ठरवताना कुणीतरी म्हणालं असेल, जावई साऱ्या गावाचा आहे.

"माशाला बर्फ कसा रे, बा?" तिनं मोरीतूनच विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

बाहेर रिकामी पिशवी झटकल्याचा आवाज आला. मग बा म्हणाला, "ऊन किती हाये! बसमधी सडून गेला असता. म्हून टाकलो."

"बरं केलं."

"काहून? चांगला नाई का?"

"चांगला आहे, बा. ताजा आहे."

रस्सा उकळला. तिनं ताटं वाढली. श्रावण जेवत नव्हता, लेकीच्या हाताकडे बघत होता. तिनं घास घेतला, चावला, गिळला. काटा लागल्यासारखं केलं आणि पाणी प्यायली. तुषारला काही कळलं नव्हतं. तो नुसत्या रश्श्यात बोट बुडवून चव घेत मामाजींना शाळेतल्या गमती सांगत होता. उद्या सकाळी त्याची खुर्ची होती.

फोन वाजला तेव्हा तिला नाव बघायची गरज पडली नाही.

"मॅडम, दिघोरे बोलतोय. जाळं पडलं का?"

श्रावणानं मान खाली घातली. ताटातला माशाचा काटा त्यानं उचलला आणि उगाच सरळ करून ताटाच्या कडेला ठेवला. मोनालीच्या डोळ्यांपुढे कोमट, सपाट पाणी आलं, आणि त्या पाण्यावर पाय ठेवून बुडत गेलेली निवळी आली. समोर तुषार होता. त्यानं आपला अर्ध्या लिटरचा पेला उजेडात धरून उरलं किती ते बघितलं, आणि एकच घोट घेऊन खाली ठेवला.

"पडलं," ती म्हणाली. "मासे आहेत. आमच्याकडे वाटा आलाय. आत्ताच जेवतोय."

"सुटलो बघा, मॅडम! मग चालू ठेवतो." पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. फोन बंद झाला.

नावा बंद करण्याचा एक शब्द तिच्या हातात होता, तो तिनं घालवला होता. ज्यानं घालवायला लावला तो समोर बसून आंबलेल्या चेहऱ्यानं भात कालवत होता. रागवायचं तर कुणावर? त्यानं तलाव दिला होता. तिला निवडावं लागू नये म्हणून आधीच देऊन टाकला होता, आणि दिला हे कळू नये म्हणून वर मासा विकत आणला होता.

"माय कशी आहे?" तिनं विचारलं.

"बरी हाये." थोडं थांबून तो म्हणाला, "गानं नवं म्हनते आताशा. जाळं सांधाचं काम नाई ना. काठावर बसते आन म्हनते."

"कसं?"

श्रावणाला गाता येत नव्हतं. त्यानं ते बोलल्यासारखं म्हटलं, खाली बघत:

*तळ्याले धरली*
*दुधावानी साय*
*निजली का माय*
*मासोरी गं*

मग तो हात धुवायला उठला. मोरीतला नळ त्यानं सोडला. पाणी जोरात आलं. शहराचं, गाळलेलं, साय काढून स्वच्छ केलेलं मोरझरीचं पाणी. त्यानं हात धुतले, पण नळ लगेच बंद केला नाही. मोनाली दारात उभी राहून बघत होती. बानं दोन्ही तळवे जोडून ओंजळ भरली, खिडकीच्या उजेडाकडे वळला आणि हलकीच फुंकर मारली.

ओंजळीत लहर उठली. एका अंगानं पळाली, तळव्याच्या काठाला लागून परत फिरली.

त्यानं मान वळवली. लेक दारात आहे हे त्याला ठाऊक होतं.

"पाय वो मोना," तो म्हणाला. "ये. पाय."

ती जवळ गेली. दोघांची डोकी ओंजळीवर वाकली. पाणी बोटांच्या फटींतून हळूहळू गळत होतं, आणि ते संपेपर्यंत बा फुंकर घालत राहिला.